सामाईक भिंतीतलं दार

आमच्या आणि जयवंताच्या घरामधली भिंत मी फोडली. हे आधीच सांगून टाकतो, कारण चारकोपच्या आमच्या सेक्टरात अजूनही लोक ती बाळाने फोडली म्हणतात. बाळाने नुसता घण मारला. डोकं माझं होतं. पुढे नोटीस आली तीही माझ्याच नावावर आली, बाळाच्या नाही. तेव्हा श्रेय कोणाचं हा वाद केव्हाच मिटलेला आहे.

पण भिंत कशाला फोडली हे कळायचं तर आधी दारांचं कळलं पाहिजे. आपली साधी कडीकोयंड्याची दारं नव्हेत. एका लोकातून दुसऱ्या लोकात जायची दारं. हसू नका. मी मरोळला एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे, सही घेतल्याशिवाय स्क्रूसुद्धा देत नाही. भलतंसलतं बोलायची मला सवय नाही.

माझा मेव्हणा बोटीवर आहे. पंच्याऐंशी साली त्याने कुठल्याशा बंदरातून माझ्यासाठी एक खेळ आणला. मला हवा होता टेपरेकॉर्डर. खोक्यात निघालं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि चार, आठ, बारा, वीस तोंडांचे फासे. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी आपापला एक गडी मनात धरायचा आणि गड्याने काय केलं ते तोंडाने सांगायचं. जमलं का ते फासा ठरवतो, पुढे काय दिसलं ते सूत्रधार सांगतो. सूत्रधार अर्थातच मी, कारण पुस्तक माझं, घर माझं आणि चहा माझ्या बायकोचा. नलिनीच्या मते चार बाप्ये दर रविवारी दुपारी जमिनीवर बसून "मी तलवार उपसली" असं म्हणतात त्याला खेळ नाही, आजार म्हणतात. सोसायटीचे सेक्रेटरी अण्णा ह्यांच्या मते, फासे आहेत म्हणजे जुगार.

तर त्या पुस्तकात जग एकच नसतं. मर्त्यलोक, अग्निलोक, छायालोक, मृतलोक (नावं मी ठेवलेली) असे सगळे लोक आमच्या चारकोपच्या बैठ्या घरांसारखे एकमेकांना चिकटून उभे असतात, मध्ये एकेक सामाईक भिंत. आणि भिंतीत कुठेतरी दार. ते दारासारखं दिसेलच असं नाही. चौकट असली की पुरे. खिडकी चालते, कमान चालते, विहिरीचा काठही चालतो. पण त्यातून नुसते चालत गेलात तर मागच्या गवतात निघता, दुसऱ्या लोकात नाही. प्रत्येक दाराला किल्ली असते, आणि ती लोखंडाची नसते. कधी एखादी वस्तू, कधी एक शब्द, कधी नुसती मनातली गोष्ट. कुठल्या दाराला कुठली, ते फक्त सूत्रधाराला माहीत. आणि काही दारं दोन्हीकडून उघडतात, काही एकाच बाजूने, आणि तशी पाटी कशावरच नसते.

खेळायला अंबादास, बाळा आणि जयवंत. अंबादास टेलिफोन खात्यात. हा माणूस माझ्या प्रत्येक वाक्याला "कुठल्या पानावर आहे?" असं विचारायचा. सूत्रधाराचा इतका अपमान जगात कुठे होत नसेल. बाळा इंडस्ट्रियल इस्टेटीत प्लास्टिकच्या साच्यांवर काम करायचा आणि समोर जे येईल त्याला लाथ घालायचा, म्हणजे त्याचा गडी घालायचा. जयवंत माझा शेजारी. आधी गिरणीत मागावर होता, संपानंतर गिरणी गेली आणि तो इस्टेटीच्या गेटवर वॉचमन झाला. त्याच्या गड्याचं नाव राणू. राणू कधी चर्चा करत नसे. अंबादास आणि बाळा नियमांवरून भांडत असायचे आणि राणू आत जाऊन राक्षसाशी बोलूनसुद्धा यायचा.

एका रविवारी तिघांचे गडी काळ्या टेकडीवरच्या एका कमानीशी आले. पलीकडे मृतलोक. अंबादासने दिवा लावून बघितला, रक्त शिंपडून बघितलं. बाळाने लाथ घातली. प्रत्येक वेळी मी सांगितलं, "नुसती कमान. पलीकडे तीच टेकडी." अंबादास मला पुन्हा पुन्हा विचारत होता, "पण परत येता येईल ना? आधी ते सांग. परत येता येईल ना?" आणि मी मनातल्या मनात खूश, कारण तीच तर किल्ली होती. परतीचं न विचारता जो पाऊल टाकील त्यालाच ते दार उघडणार होतं.

जयवंताची ड्युटीची वेळ झाली. त्याने कप खाली ठेवला. "तुम्ही बसा बोंबलत. राणू गेला आत," म्हणाला.

"दार उघडलं," मी म्हटलं. "राणू आत गेला. दार बंद."

"कसं काय?" अंबादास ओरडला. "कुठल्या पानावर?" मी म्हटलं, पुढच्या रविवारी. जयवंत हसत हसत खाकी शर्ट घालून ड्युटीवर गेला.

त्याच आठवड्यात तो गेटवरच्या खुर्चीत बसला तो उठलाच नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. बेचाळिशीसुद्धा आली नव्हती. स्मशानातून आल्यावर मी मोरीत तोंड धुवायला गेलो आणि नळ सोडून रडलो, नलिनीला ऐकू जाऊ नये म्हणून. तिला गेलंच.

आता अण्णा. अण्णा सावंतवाडीकडचे, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि सेक्टरातल्या सगळ्या कोकणी घरांचं धर्मखातंही त्यांच्याकडेच. तिरडी निघाली तेव्हा ते गप्प होते. संध्याकाळी पंचांग काढून आले आणि म्हणाले, "जयवंत पंचकात गेलो. घर पाच म्हयने बंद ठेवूक व्हया. उंबऱ्याक पाय लावूचो नाय, नायतर घरातला आणखी कोणतरी जाता."

जयवंताचा मोठा भाऊ गुणाजी घाटकोपरचा. एका खोलीत आठ माणसं. त्याने हे ऐकलं, नमस्कार केला आणि खिशातून कुलूप काढलं. भावाच्या मयताला येताना माणूस खिशात कुलूप घेऊन का येतो, हे मी त्याला विचारायला हवं होतं. मग तो वनमालावहिनींना, म्हणजे जयवंताच्या बायकोला, घाटकोपरला घेऊन गेला. एक पत्र्याची पेटी आणि त्या. मूलबाळ नव्हतं त्यांना.

दोन महिन्यांनी वसाहतीच्या कचेरीची नोटीस लागली की घरोघर तपासणी होणार. ज्याला घर दिलंय तो किंवा त्याचं कुटुंब आत राहत नसेल तर घर काढून घेणार, किंवा ज्या नातेवाइकाच्या ताब्यात आहे त्याच्या नावावर करायचं का ते बघणार. बाळाने बातमी आणली की गुणाजीने अर्ज करूनसुद्धा टाकलाय. म्हणजे वहिनींची वाट लागली.

मी घाटकोपरला गेलो. वहिनी मोरीपाशी बसून आठ माणसांची भांडी घासत होत्या. मी तपासणीचं सांगितलं. त्या हात न थांबवता म्हणाल्या, "चंदूभावजी, माझं घर आहे हो ते. विटा मी वाहिल्यात त्याच्या. पण उंबरा ओलांडला आणि इथल्या पोरांपैकी कोणाला काही झालं तर? आणि एकदा निघून आले की मोठे भावजी मला परत घेतील का? परत कुठे येऊ मी?"

मी चहा पिऊन निघालो. तोही त्यांनीच केला.

परत येताना मला एकाएकी सुचलं, आणि मी तडक अण्णांकडे गेलो. "अण्णा, पंचकात बंद काय असतं? घर की दार?"

"तिरडी ज्या दारातसून गेली, ता दार," अण्णा म्हणाले.

"मग दुसरं दार असेल तर?"

अण्णांनी चष्मा काढला. पुसला. घातला. शास्त्रात दुसऱ्या दाराबद्दल काही नव्हतं. पण अण्णा हरणारे नाहीत. धर्मखात्यातून ते लगेच सेक्रेटरीच्या खुर्चीत जाऊन बसले. "सामाईक भिंत फोडूची तर सोसायटीची परवानगी व्हयी. अर्ज लिवन हाड. तीन प्रती." मी तीन प्रती दिल्या. अण्णा म्हणाले, शेजाऱ्याची ना-हरकत जोड. मी म्हटलं, शेजारी मेला, म्हणून तर भिंत फोडतोय. अण्णा म्हणाले, मग त्याच्या वारसाची जोड. वारस घाटकोपरला भांडी घासतोय, मी म्हटलं. तसा त्यांनी अर्ज "विचाराधीन" म्हणून उशीखाली ठेवला. त्यांच्या उशीखाली ह्या सेक्टराची निम्मी कामं झोपलेली आहेत.

तोपर्यंत सल्ले सुरू झाले होते. पाणी भरायला उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीने सांगितलं, भिंत फोडण्याआधी नारळ फोडा. दुसरी म्हणाली, भिंतच नका फोडू, कौलं काढून वरून उतरवा. एका गृहस्थांनी मला रस्त्यात थांबवून भुयार सुचवलं. मी त्यांना विचारलं, तुम्ही कामाला कुठे आहात? ते म्हणाले, बँकेत.

परवानगीची वाट बघत बसलो असतो तर आजही बसलेलो असतो. अंबादास म्हणाला, "आमच्याकडे पंचक-बिंचक काही नाही. मी येतो." बाळा म्हणाला, "माझा मामा गवंडी आहे." मामा गवंडी असणं आणि आपण गवंडी असणं ह्यांत किती अंतर आहे ते पहिल्या घणालाच कळलं. आम्ही खडूने दाराएवढी चौकट आखली होती. बाळाने मधोमध घण घातला आणि चौकटीच्या बाहेरची भिंत पडली. नलिनीची मसाल्याच्या डब्यांची फळी होती तीच बाजू. वर्षाचं तिखट हवेत गेलं. आम्ही तिघं शिंकतोय, खोकतोय, डोळ्यांतून धारा, आणि नलिनी लाटणं घेऊन दारात उभी. "आता मृतलोकात मीच पाठवते तुम्हाला," ती म्हणाली.

दुसऱ्या घणाला आरपार भोक पडलं. धूळ बसली. पलीकडे, अगदी समोर, खिळ्याला जयवंताचा खाकी शर्ट टांगलेला होता. ड्युटीवरून आणून कोणीतरी तिथे अडकवला असणार. त्याच्यावर विटेचा चुरा बसत होता. बाळाने घण खाली ठेवला. शिंकासुद्धा थांबल्या. अंबादास भोकातून हात घालून शर्ट झटकायला लागला, आणि बराच वेळ झटकत राहिला.

आवाज ऐकून अण्णा आले. त्यांनी भोक बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. शास्त्रात सापडलं होतं. "मेल्यांनो, काय केलात ह्या? आता दोन घरा एक झाली. त्याचा पंचक तुझ्या घरात इला. तुमीपण घर सोडा."

मी पुष्कळ वाद घातला. हे दार एकतर्फी आहे, माणूस इकडून तिकडे जाईल, पंचक तिकडून इकडे येणार नाही, असं सांगितलं. अण्णांनी विचारलं, "ह्या खंयच्या पोथीत हा?" अंबादासकडे बघू नये इतकं मला कळत होतं.

नलिनी घाबरली. खरंच घाबरली, चेष्टा नाही. भोकाला चादर लावून, पिशवी भरून ती मुलुंडला माहेरी गेली. मी दोन वेळा पाव खाल्ला. माझ्याच घरात, तिखटाच्या वासात, चादरीपलीकडे जयवंताचा शर्ट, अलीकडे मी. घर वाचवायला निघालो आणि बायको घालवून बसलो. नोकरीत इतका गलथान हिशोब केला असता तर मला काढून टाकलं असतं.

पण दुसऱ्याच दिवशी दुपारी नलिनी परत. पिशवी जमिनीवर आपटली. तिच्या वहिनीने तिला स्वयंपाकघरात येऊ दिलं नव्हतं. पंचकातल्या घरातून आलीस म्हणून ताट दाराबाहेर वाढलं होतं, आणि सख्खा भाऊ समोर बसून पेपर वाचत होता. "वनमाला दोन महिने असं जेवत असणार, काय हो?" ती म्हणाली. मग चादर ओढून काढली. "एवढंसं काय फोडलंय? ती काय रांगत जाणार आहे? मोठं करा." लाटणं तिने माझ्यासाठी पाव घेऊन आलेल्या बाळाच्या हातात दिलं, घण समजून. इतकी तापली होती.

नव्या दाराचा निरोप नलिनी स्वतः घाटकोपरला जाऊन देऊन आली होती. तपासणीच्या सकाळी वनमालावहिनी भाजी आणायला म्हणून घाटकोपरहून निघाल्या त्या थेट आमच्याकडे आल्या. हातात रिकामी पिशवी. गुणाजी त्यांच्या आधीच येऊन जयवंताच्या दारासमोर उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ली. त्याची पाठ वळलेली बघून वहिनी आमच्या दारातून आत शिरल्या.

भोकासमोर त्या उभ्या राहिल्या. आतला शर्ट त्यांना दिसला. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. गुणाजीने घरात घेतलं नाही तर आमच्याकडे राहा, कचेरीने काढलं तर अंबादासच्या ओळखीचा वकील आहे, घाबरू नका. त्यांनी विचारण्याची मी वाट बघत होतो. परत कुठे येऊ, असं त्या विचारणारच.

त्यांनी नाही विचारलं. पिशवी नलिनीकडे दिली, पदर खोचला, वाकल्या आणि आत गेल्या.

अंबादासने माझ्याकडे बघितलं, आणि त्या रविवारी राणूला दार का उघडलं ते त्याला तेव्हा कळलं.

बाहेर तपासणीचे साहेब आले होते. बारीक, घामाघूम, काखेत फायली. गुणाजी म्हणाला, "भावजय माझ्याकडे असते साहेब. घर बंद. मीच बघतो." साहेबांनी सवयीने कुलूपबंद दारावर पेन वाजवलं. "कोण आहे का आत?"

"कोण पाहिजे?" आतून बाईचा आवाज आला.

"देवा रवळनाथा!" अण्णा मटकन ओट्यावर बसले. गुणाजीच्या हातातली किल्ली पडली. आमच्या गल्लीतल्या दोघी बायका किंचाळून पळाल्या, त्यांतली एक ती कौलं काढा म्हणणारी. फक्त साहेब घाबरले नाहीत. त्यांनी कुलूप बघितलं, गुणाजीकडे बघितलं आणि त्यांचा आवाज चढला. "विधवा बाईला आत कोंडून बाहेरून कुलूप? आणि वर घर नावावर मागताय? पोलिसांना बोलावू?"

बिचाऱ्या गुणाजीला किल्ली कुलपात घालता येईना. शेवटी साहेबांनीच कुलूप काढलं. दार उघडलं. आत वहिनी केरसुणी घेऊन उभ्या होत्या. दोन महिन्यांची धूळ अर्धी झाडून झाली होती.

"तुम्ही इथेच राहता?"

"मग कुठे राहणार?"

"बाहेर येऊन सही करा."

वहिनी उंबऱ्यापाशी आल्या आणि थांबल्या. हे आमच्या हिशोबात नव्हतंच. इतकी भिंत फोडली ती हा उंबरा चुकवायला, आणि सरकारी पॅड उंबऱ्याच्या बाहेर. अण्णा ओट्यावरून कळवळून म्हणाले, "वनमाला, नको गो बाय. घरातला आणखी एक जाता." आणि त्यांना खरंच वाटत होतं तसं. डोळे भरले होते त्यांचे.

"ह्या घरातलं उरलंय कोण अण्णा?" वहिनी म्हणाल्या. "मोठ्या भावजींची पोरं सुखी राहोत. जायचं असेल तर मी जाईन." आणि उंबरा ओलांडून सही केली. गुणाजी मान खाली घालून उभा होता. त्याच्या आठ माणसांना आता कुठलीच खोली मिळणार नव्हती, तेही खरंच होतं.

मग साहेब आत शिरले आणि त्यांना भोक दिसलं. पलीकडून नलिनी चमचा हातात घेऊन बघत होती.

"हे काय?"

"खिडकी," मी म्हटलं.

"जमिनीपर्यंत?"

त्यांनी जागेवरच माझ्या नावाने नोटीस फाडली, अनधिकृत बदल, भिंत स्वखर्चाने पूर्ववत करावी. अण्णांनी उशीखालचा माझा अर्ज त्याच संध्याकाळी "नामंजूर" करून मला आणून दिला. तिन्ही प्रती.

भिंत बुजवायला मुदत होती, म्हणून त्या रविवारी भोक तसंच होतं. आम्ही तिघे बसलो. जयवंताची जागा कोणी घेत नव्हतं. मध्येच वनमालावहिनी भोकातून आल्या आणि तिथे बसल्या.

"ह्यांचा राणू कुठे आहे?"

"मृतलोकात," मी म्हटलं. आठवडाभर खपून मी एक युक्ती जुळवून ठेवली होती. "पण वहिनी, उत्तरेला एक दुसरं दार आहे. त्यातून राणू परत येऊ शकतो. आज आणू या."

"तसा नियम आहे?"

मी अंबादासकडे बघितलं. त्याने पुस्तक मांडीवर उघडं धरलं होतं. "नाही वहिनी," तो हळूच म्हणाला. "मृतलोकाची दारं एकतर्फी असतात."

"मग नका आणू. माझ्यासाठी नियम बदलू नका." त्या फासा हातात घेऊन त्याची तोंडं बघत राहिल्या. मग विचारलं, "तिकडे जेवायला काय असतं?"

पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. मृतलोकात चूल नाही, दिवा नाही, धान्य नाही. गेलेला माणूस हळूहळू भूक लागली होती हेही विसरतो. अंबादासच्या मांडीवर तेच पान होतं.

"तांदळाची भाकरी," मी म्हटलं. "आणि सुकटीची चटणी."

वहिनींनी अंबादासकडे बघितलं. नियमांचं तोच बघतो, हे त्यांनाही एव्हाना कळलं होतं.

"रोज," अंबादास म्हणाला आणि त्याने पुस्तक मिटलं.